बाईंच्या मापाचं पान

आमच्या ब्लाउजवाल्या मावशींच्या नजरेइतकं अचूक मोजमापाचं साधन मी आजवर पाहिलेलं नाही, आणि हे मी तळोज्याच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तेवीस वर्षं मोजण्याचंच काम केल्यावर लिहिते आहे. आमची उपकरणं दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावी लागतात. मावशींची नजर बत्तीस वर्षांत दोनदाच चुकली, आणि त्यातली पहिली चूक त्यांनी स्वतःच पनवेलच्या भर बाजारात उभं राहून पकडली. दुसरीचं पुढे सांगेन. आधी हे सांगायला हवं, की ही नजर गिऱ्हाइकांसाठी नाही. गिऱ्हाइकांसाठी टेप आहे. नजर आहे ती एका नटीसाठी, जिला मावशी कधी भेटल्या नाहीत, जिला भेटायची त्यांना इच्छाही नाही, आणि जिचं नाव त्या घेत नाहीत. नुसतं ‘बाई’ म्हणतात. मीही इथे बाईच म्हणते.

मावशींचं दुकान बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एका जिन्याखाली आहे. सहा फूट बाय साडेआठ फूट, मी मोजलं आहे. त्यात दोन शिलाई मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीत ठोकलेल्या खुंट्यांवर लटकलेले ब्लाउज आणि कोपऱ्यात छताला लागून एक टीव्ही. हा टीव्ही मशीनवर बसलेल्या माणसाला नीट दिसावा अशा बेतानं लावला आहे. माप द्यायला उभ्या राहिलेल्या बाईची त्याच्याकडे पाठ असते, आणि तिनं मान वळवली की मावशी म्हणतात, “हलू नको गो. तुझा ब्लाउज वाकडा झाला तर बाई येणार हाय का घालायला?” साडेसात ते आठ या बाईंच्या मालिकेच्या वेळात कोणाचंही माप घेतलं जात नसे. अपवाद फक्त नवरीचा. मी एकोणीस वर्षं त्यांची गिऱ्हाईक आहे आणि मलाही हा अपवाद लागू झालेला नाही.

मावशींचं माहेर उरणचं, कोळ्यांचं. लहानपणी वडिलांची जाळी शिवायला बसत. जाळ्याचं एक भोक बोटभर मोठं झालं तर तिथूनच मासा जातो, हे त्या तिथं शिकल्या, आणि माझ्या मते पुढचं सगळं त्यातूनच आलं. लग्न होऊन पनवेलला आल्यावर शिवणाचा क्लास केला, आणि त्याच सुमारास नवऱ्यानं हौसेनं सिनेमाला नेलं. सिनेमात नायिकेची मैत्रीण म्हणून एक मुलगी होती. तिला दोन प्रसंग होते, दोन्हीत हातात ट्रे. दुसऱ्या प्रसंगात ती पाठमोरी वळली, तेव्हा तिचा ब्लाउज पाठीत ओढत होता आणि शेवटच्या हुकाच्या जागी सेफ्टी पिन होती. थेटरात कोणाला दिसलं नसेल. मावशींना दुसरं काही दिसलंच नाही. “एवढे दिवे, एवढी माणसं, आणि पोरीला दुसरीचा ब्लाउज घातलेला,” त्या अजून सांगतात, काल घडल्यासारख्या. “तिच्या मापाचा एक ब्लाउज शिवावा असं कुनाला वाटलं नाय.” त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मापाच्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘बाई’ असं लिहिलं आणि खाली चार आकडे टाकले: पाठ, दंड, बाही, गळा. तेव्हापासून प्रत्येक नव्या वहीचं पहिलं पान बाईंचं. आकडे चारच. बाकीची मापं का नाहीत असं मी विचारलं, तर म्हणाल्या, “दिसतं तेवढंच लिवायचं. बाकीचं तिच्या शिंप्याचं काम.”

कलावंताची कारकीर्द कशी मोजावी, याचे निरनिराळे हिशेब असतात. कोणी पारितोषिकं मोजतं, कोणी पोस्टरवरच्या नावाची उंची. मावशींचा हिशेब एकच: ब्लाउज मापाचा होता की उसना? पहिले पाच सिनेमे उसने. सहाव्यात बाई नायिका झाल्या, आणि पहिल्याच गाण्यात हात वर करून त्या गिरकी घेताना मुंढ्याला, म्हणजे काखेशी बाही जोडतात तिथं, एकही चुणी पडली नाही. दुसऱ्या दिवशी मावशींनी गल्लीत पेढे वाटले. तो सिनेमा आठवडाभरात उतरला, पण हे त्यांना बऱ्याच वर्षांनी माझ्याकडून कळलं, आणि कळल्यावर त्यांनी त्याला काडीचं महत्त्व दिलं नाही. “पडला तर पडला. ब्लाउज बसला होता.” पुढे बाई मालिकांमध्ये आल्या, आधी वहिनी, मग आई. सहा वर्षं चाललेल्या शेवटच्या मालिकेत त्यांचे ब्लाउज इतके सुरेख असत, की मावशी त्या कधी न पाहिलेल्या शिंप्याला मनोमन गुरू मानू लागल्या. “त्याचा हात माझ्यापरीस बरा हाय,” असं त्यांनी एकदा सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. दुसऱ्या कोणत्याही शिंप्याबद्दल त्यांच्या तोंडून मी एवढं ऐकलेलं नाही.

मालिकेची गोष्ट काय होती, हे मावशींना नीट सांगता येत नसे. बाईंचा मुलगा परका निघाला की सून, याची त्यांना पर्वा नव्हती. एकदा बाई मुसळधार पावसात हिरव्या ब्लाउजमध्ये घराबाहेर पडल्या आणि देवळात पोचल्या तेव्हा बाही इंचभर आखूड होती. दुकानातल्या चार बाया डोळे पुसत होत्या, आणि मावशी म्हणाल्या, “वाटेत कापून घेतली वाटतं.” एका मुलीनं मोबाइलवर कोणा नटीचा फोटो दाखवून तसाच गळा मागितला. मावशींनी फोटो नीट पाहिला आणि म्हणाल्या, “ती शॉट झाला की खुर्चीत बसते. तुला भावाच्या लग्नात सहा तास वाढायचं हाय. खांद्यावरून उतरला तर श्रीखंड कुठल्या हातानं वाढशील?” मुलीनं साधा गळा शिवून घेतला. पुढे ती तिच्या मैत्रिणींना घेऊन आली.

या नजरेवर माझा विश्वास सहजी बसला नव्हता. मी एकदा परीक्षा घेतली. माझी एक सहकारी समोरच्या फुटपाथवर भाजी घेत होती. मी मावशींना तिचे चार आकडे विचारले. त्यांनी मशीन न थांबवता सांगितले. मग तिला आत बोलावून मी टेपनं मोजलं. तीन आकडे तंतोतंत, चौथ्यात पाव इंचाचा फरक. मी तसं म्हटल्यावर मावशींनी टेप माझ्या हातून घेतली, उलटीसुलटी पाहिली आणि म्हणाल्या, “ही जुनी झाली. ताणली गेलीय.” मी ती टेप कारखान्यात नेऊन तपासली. ताणली गेली होती.

आता ती पहिली चूक. काही वर्षांपूर्वी बाई एका साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाला पनवेलला आल्या. रस्ता बंद झाला, रिक्षांची रांग लागली, लोक एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उंच होत होते. सगळ्यांना बाईंचा चेहरा पाहायचा होता. मावशी गर्दीतून वाट काढत मंडपाच्या मागच्या बाजूला गेल्या आणि बांबूंच्या फटीतून पाठ पाहत उभ्या राहिल्या. मी बरोबर होते. अकरा मिनिटं त्या हलल्या नाहीत. शेजारी उभा असलेला मंडपवाला म्हणाला, “मावशी, पुढे जा, तिकडून दिसतील बाई.” त्यावर त्या म्हणाल्या, “पुढून आमी रोज बघतो.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “पाठ साडेतेरा लिवलीय मी. सव्वातेरा हाय.” बाई पायऱ्या उतरून गाडीकडे निघाल्या तेव्हा आमच्यापासून चार फुटांवर होत्या. मी मावशींना कोपरानं ढोसलं, बोला काहीतरी. त्या मागे सरकल्या. “काय बोलू? माप मिळालं.” दुकानात परत येऊन त्यांनी वहीतला आकडा एका रेघेनं खोडला आणि शेजारी नवा लिहिला. खोडलेला आकडा वाचता आला पाहिजे, हा नियम आमच्या प्रयोगशाळेतही आहे, आणि तो मी त्यांना शिकवलेला नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मी ब्लाउज आणायला गेले, तेव्हा मावशी बाहेर चहा आणायला गेल्या होत्या आणि वही टेबलावर पहिल्या पानावर उघडी होती. एरवी त्या पानावर वर्षाला दोन, फार तर तीन ओळी असत. आता दर आठवड्याची ओळ होती. दंड साडेबारा. सव्वाबारा. पावणेबारा. साडेअकरा. सव्वाअकरा. पाठ चौदाची साडेतेरा झाली होती. उलट बाही वाढत गेली होती, आधी कोपरापर्यंत, मग मनगटापर्यंत. मला आकडे वाचता येतात. नटी बारीक होते तेव्हा ती दाखवते, बाही लांब करत नाही. मी मान वर केली तर मावशी चहाचे दोन ग्लास घेऊन दारात उभ्या होत्या.

“वाचलंस?”

“हो.”

“मग पोटात ठेव.”

त्यांनी वही मिटली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “उजवा हात खांद्याच्या वर जात नाय तिचा. पदर डाव्या हातानं घेते. दीड महिना झाला. कुनाला दिसत नाय.”

पंधरा दिवसांनी मालिकेतली आई भावाकडे गावाला गेली आणि परत आली नाही. साडेसातला दुकानात टीव्ही चालूच असे, पण मावशी खाली मान घालून शिवत. गिऱ्हाइकांना विषय मिळाला. कोणी म्हणालं, निर्मात्याशी भांडण झालं. कोणी म्हणालं, मुलाकडे परदेशात गेली. एक गिऱ्हाईक म्हणालं, “मावशी, तुम्हाला तर सगळं ठाऊक असेल, तुमची लाडकी ती.” मावशींनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाल्या, “मला तुझी कंबर ठाऊक हाय. सांगू का सगळ्यांना?” विषय बंद झाला. मला तेव्हा उमगलं, की या सहा बाय साडेआठ फुटांत बायकांची किती गुपितं येतात. कोणाला दिवस गेलेत, कोणाचं दुखणं कुठवर आलंय, हे टेपला घरच्यांच्या आधी कळतं. माझी आई आजारी पडली त्या वर्षी मावशींनी तिच्या ब्लाउजांची शिलाई न विचारता आत घेतली होती. आईला वाटलं होतं, आपले ब्लाउज अजून तसेच बसतात. मलाही तेच वाटलं होतं.

जानेवारीत खुंटीवर एक ब्लाउज दिसला. फिक्या निळ्या, धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचा, अस्तर नाही, हुक पुढून, मुंढा सैल, म्हणजे हात वर न करता घालता यावा असा. मी आत बोट घालून दंड पाहिला. साडेदहा. त्या पानावरच्या आकड्यांची रेघ मी मनात पुढे ओढली होती, तेव्हा मलाही साडेदहाच मिळाले होते. मी विचारलं, “पाठवणार का? पत्ता मी शोधून देते.”

“नाय.”

“मग?”

“पाठवला तर तिला कळंल, की मला कळलंय. तिनं सांगितलं नाय ना कुनाला? मग आपल्याला ठाऊक नाय.” त्यांनी चिंधीनं टेबल पुसलं. “हात थांबत नव्हते, म्हणून शिवला.”

पुढे महिनेच्या महिने पानावर ओळ पडली नाही. जूनमध्ये वही भरली आणि नवी आली. मावशींनी पहिल्या पानावर ‘बाई’ लिहिलं आणि खाली कोरं सोडलं. मी हिशेबी बाई आहे, रिकाम्या रकान्याचा मला एरवी राग येतो. त्या रकान्याकडे मला पाहवत नव्हतं.

गेल्या महिन्यात एका बुधवारी मी माप द्यायला उभी होते आणि मावशी मशीनवरची शिवण संपवत होत्या. टीव्हीवर दुसरीच कुठलीशी मालिका होती, लग्नाचा प्रसंग. अचानक मशीन थांबलं. मी मान वळवली आणि मला कोणी ‘हलू नको’ म्हटलं नाही. नवऱ्यामुलाची आत्या म्हणून बाई हातात ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. केस आखूड होते. दोन वाक्यं बोलल्या, ताट दोन्ही हातांनी वर उचललं आणि वळल्या. ब्लाउज उसना होता. पाठीत ओढत होता, दंडात रुतत होता, शेवटच्या हुकाशी कापड फाकलं होतं. दारात बसलेली एक मुलगी म्हणाली, “अय्या, केवढी जाड झाली ही.”

मी मावशींकडे पाहिलं. बत्तीस वर्षांपूर्वी असल्याच एका ब्लाउजनं ज्यांचा जीव कळवळला होता, त्या मावशी हसत होत्या. “ओढू दे,” त्या म्हणाल्या. “ओढू दे मेला.” मग मला म्हणाल्या, “बाय, ते तुझ्या मोबाइलवर थांबवून बघता येतं ना? बघ गो जरा, दोन्ही हात वर गेले ना?” रात्री भाग मोबाइलवर आला, तो मी दुसऱ्या दिवशी सकाळीच घेऊन गेले. हात वर गेले होते, दोन्ही, खांद्याच्या वर. त्यांनी पडद्यावर अंगठा ठेवला, डोळे बारीक केले आणि कोऱ्या पानावर लिहिलं: पाठ साडेचौदा, दंड तेरा. निळ्या ब्लाउजचा दंड साडेदहा होता, म्हणजे माझ्या हिशेबानं अडीच इंचांची चूक, आणि हीच ती दुसरी. एवढी चूक आमच्याकडे झाली तर उपकरण मोडीत काढतात.

तो निळा ब्लाउज अजून खुंटीवरच आहे. आता तो बाईंना होणार नाही, आणि दुकानात जागा तशीही कमीच. मी परवा म्हटलं, “उसवून कापड तरी वापरा, मावशी.” त्यांनी माझ्या खांद्यावरून टेप फिरवली, आकडा वहीतल्या माझ्या पानाशी ताडून पाहिला, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारलं, “पाव इंच उतरलीस. बरी हायस ना?” मी म्हटलं, बरी आहे, ऑफिसात धावपळ आहे. त्यांनी आणखी थोडा वेळ पाहिलं, खात्री करून घेतली, आणि मगच टेप गळ्यात टाकली.

“राहू दे तो तिथंच,” खुंटीकडे न बघता त्या म्हणाल्या. “चुकलेलं माप हाय ते. पुसून टाकायचं नाय.”