झाडाला पडलेले हार

दौंडच्या सांस्कृतिक भवनातल्या उन्हाळी शिबिरात शेवटच्या दिवशी आमचं नाटक होतं. मला झाडाचं काम मिळालं. अंगात तपकिरी रंगवलेलं पोतं, हातांना कडुलिंबाचे डहाळे. पुण्याहून आलेल्या ताईंनी शिबिरभर मला एकच गोष्ट शिकवली होती: झाडानं हलायचं नाही.

पडदा उघडला. पण नाटकाआधी पाहुण्यांचे सत्कार निघाले आणि पाहुणे माझ्या शेजारीच खुर्च्या टाकून बसले. आमच्याकडं सत्कारातून कुणाला वगळलं की पुढची पाच वर्षं ऐकून घ्यावं लागतं, म्हणून भांडगाव-खुटबावहून आलेल्या प्रत्येकाला वर बोलावत होते. हार गळ्यात पडला की लगेच काढून समोरच्या टेबलावर ठेवायचा, ही रीत. टेबल भरलं तसा एका आप्पांनी आपला हार माझ्या हातावर अडकवला. मग सगळ्यांनाच जागा सापडली. मी हलले नाही. उशिरा आलेल्या एका आबांनी तर चपला काढून मला नमस्कार केला.

भाषणं संपता संपता लाइट गेली आणि नाटक राहिलं ते राहिलंच.

घरी जाताना मी वडिलांच्या सायकलवर मागं बसून धुसफुसत होते. "शेवटी एक वाक्य होतं मला. तेपण बोलू दिलं नाही."

"बोलले त्यांना एकेकच हार पडला," वडील पायडल मारत म्हणाले. "तू गप हुतीस, तर सगळ्यांचे तुलाच."