भूक न लागणारी फौज

रत्नागिरीच्या मातीत आजवर जेवढ्या लढाया हरल्या गेल्या असतील, त्या सगळ्यांपेक्षा जास्त लढाया आमच्या हिच्या मामांनी एकट्याने, खुर्चीत बसून, कॉम्प्युटरवर हरलेल्या आहेत. आणि प्रत्येक पराभवानंतर विजेत्याच्या चेहऱ्याने चहा मागितलेला आहे. जिंकणारे सेनापती जगात पुष्कळ झाले. त्यांचे पुतळे होतात आणि पुतळ्यांवर कबुतरं बसतात. पण आपण नेमके का हरलो हे इतक्या अभिमानाने सांगणारा सेनापती मी दुसरा पाहिला नाही.

मामा जयगडच्या बंदरात मालाच्या चढ-उतारीवर देखरेख करायचे. निवृत्तीनंतर मुलीने मुंबईहून आपला जुना कॉम्प्युटर पाठवला, त्यात एक युद्धाचा गेम होता. मोठा नकाशा, त्यावर नद्या, किल्ले आणि मुंग्यांएवढ्या फौजा. खेळ सुरू होण्याआधी तो विचारतो, किती अवघड हवं: ईझी, नॉर्मल, हार्ड, की रिअलिस्टिक. पहिल्या तीन प्रकारांत सैनिक नुसते लढतात. चौथ्यात त्यांना भूक लागते, पाय दुखतात, धान्याचे गाडे चिखलात रुततात आणि पाठवलेला हुकूम पोचेपर्यंत त्याची गरज संपलेली असते. मामांनी हे सगळं शांतपणे वाचलं, "म्हणजे बंदरासारखंच," असं म्हणाले आणि चौथा प्रकार निवडला. तेव्हापासून ती निवड कधी बदलली नाही. ईझीवर जिंकलेला किल्ला म्हणजे बाजारातून आणलेलं लोणचं, ते घरी घातलं म्हणून पाहुण्यांना वाढू नये, असं त्यांचं मत होतं. परिणामी त्यांची फौज शत्रूपर्यंत सहसा पोचतच नसे. एकदा एक अख्खी पलटण नदीच्या अलीकडे गाड्यांची वाट बघत उपासमारीने संपली. मी सांत्वन करायला गेलो, तर मामा पडद्याकडे कौतुकाने बघत होते. "एक बाण सुटला नाही, जावईबापू, पण रांग मोडली का बघा."

मोहिमेला निघताना मात्र ते काही विसरत नसत. आपल्याकडे पेरणी असो, नवी होडी असो की कोर्टाची तारीख असो, देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय माणूस उंबरठा ओलांडत नाही. मामा कॉम्प्युटरपुढे नारळ ठेवून, हात जोडून, खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालत: "बा देवा महाराजा, आज ही फौज घाट उतरतेय. हिचा दाणागोटा वेळेवर पोचव. वाटेत पाऊस घालू नको. घातलासच तर पलीकडच्यांवरही तेवढाच घाल." गाऱ्हाण्याला कुणीतरी होकार द्यावा लागतो, त्याशिवाय ते देवापर्यंत जात नाही. तो होकार मामी स्वयंपाकघरातून देत, घावणाच्या तव्यावरची नजर न हलवता: "व्हय महाराजा." नारळ फुटे, मोहीम निघे, आणि दुपारपर्यंत त्याच नारळाची चटणी आणि पराभवाची बातमी एकदमच पानात पडे.

जगातल्या यच्चयावत माणसांची मामांनी या चार प्रकारांत वाटणी केलेली होती. भाषणं करणारे पुढारी ईझीवर, त्यांचे चिरंजीव ईझीच्याही खाली, आणि पालीच्या बाजारात उन्हात भाजी विकणारी बाई रिअलिस्टिकवर. फोनमधून रस्ता सांगणाऱ्या बाईवर त्यांचा विशेष राग. संगमेश्वरला एका लग्नाला निघालो, तेव्हा ती तासाभरात पोचाल म्हणाली. "ती ईझीवर खेळते," मामा म्हणाले, "तिच्या हायवेला खड्डे नाहीत." त्यांच्या हिशेबाने आम्ही भल्या पहाटे निघालो. नेमका त्या दिवशी हायवे मोकळा निघाला. आम्ही पोचलो तेव्हा नवरानवरीच काय, खुर्च्याही आलेल्या नव्हत्या. मांडववाल्याने आम्हाला आपलीच माणसं समजून बांबू धरायला लावले. दुसरा कुणी खजील झाला असता. मामांनी तासाभरात त्या मांडववाल्याचा ताबा घेतला आणि जेवणाच्या पंगतीत भाताची वाट कुठे तुंबणार हे त्याला आधीच दाखवून दिलं. भात तिथेच तुंबला. त्या एका विजयावर ते पुढे वर्षभर जगले.

मग मामींना अर्धांगाचा हलका झटका आला. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, पण उजवा हात रुसल्यासारखा मांडीवर पडून राहिला. बोटं हलवत राहिलात तर हात येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि दाबायला एक रबरी चेंडू दिला. "मी काय मांजर आहे चेंडूशी खेळायला?" असं म्हणून मामींनी तो खिडकीत ठेवला. शेजारीण येऊन वेणी घालून जाई, तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून बसत. घावणांचा तवा कोरडा पडला. मामांचा कॉम्प्युटरही बंद होता. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "गाऱ्हाण्याला होकार देणारं माणूस आजारी आहे, मोहीम कशी काढू?" सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार असणाऱ्या त्या माणसाचा आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला.

शेवटी त्यांनीच युक्ती काढली. मामींना खुर्चीत बसवलं, उजव्या हाताखाली माऊस दिला आणि त्यांच्या स्वाधीन एक फौज केली. अर्थात रिअलिस्टिकवर. संध्याकाळपर्यंत ती फौज उपाशी मेली. मामींनी माऊस ढकलून दिला. "एक तर माझा हात मेलेला. वर ही एवढी माणसं कशाला मारायला लावता?" दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीकडे बघेनात.

त्या दिवशी मी तिथे होतो. मामी आत पडल्या होत्या. मामा कॉम्प्युटरपुढे बसले, उठले, पुन्हा बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जावईबापू, बाहेर पाऊस येतोय का बघा." बाहेर डिसेंबरचं कडक ऊन होतं. मी दाराशी गेलो आणि मान थोडी वळवली. बंदरात कधी पोत्यामागे एक किलोची सूट न देणारा तो माणूस आजूबाजूला चोरासारखा बघत होता. त्याने ईझीवर बोट दाबलं आणि अंगावर पाल पडल्यासारखा हात मागे घेतला. मग आत जाऊन सांगितलं, "अगो, शत्रू मागे हटलाय म्हणतात. एकदा बघून तर जा."

मामी बघायला आल्या आणि बसल्या. त्या दिवशी त्यांनी एक पूल घेतला, पुढच्या आठवड्यात एक किल्ला. माऊस धरायला बोटं वळायला लागली, वळलेली बोटं पदर खोचायला लागली. प्रत्येक किल्ल्यानंतर मामा गंभीर चेहऱ्याने सांगत, की रिअलिस्टिकवर हे करून दाखवणारं माणूस आपण पाहिलं नाही. तेवढं वाक्य बोलताना त्यांचे कान लाल होत.

शिमग्याला पालखी येऊन गेली, त्यानंतर मी गेलो, तर मामींनी स्वतःच्या हाताने घावणे केले होते. कडा फाटलेल्या, मधे जाड. पान माझ्यापुढे ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "यांना बोलू नका हं. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"कसं?"

"इतकी वर्षं यांच्या फौजेच्या भुकेचं गाऱ्हाणं ऐकतेय मी. माझ्या फौजेने एकदाही जेवायला मागितलं नाही. असं कुठलं खरं माणूस असतं?" मग उजव्या हाताची बोटं उघडून मिटून बघत म्हणाल्या, "जन्मात पहिल्यांदा खोटं बोललेत. जमलंय त्यांना, तर असू दे."

जेवणं झाल्यावर मामी खेळायला बसल्या. मामा आता स्वयंपाकघरात नारळ खवतात, कारण विळी अजून मामींच्या हातात द्यायला ते तयार नाहीत. मामींनी हात जोडले. उजवा थोडा उशिरा पोचला, पण पोचला. "बा देवा महाराजा," त्या म्हणाल्या, "या घरात कुणी कुणाला फसवत असेल, तर ते कशासाठी ते तुला ठाऊक आहे. त्याला सांभाळून घे."

आतला खवण्याचा आवाज क्षणभर थांबला.

"व्हय महाराजा," मामा म्हणाले, आणि पुन्हा नारळ खवू लागले.