चष्मेवालीनं कार्ड निवडलं तेव्हा

अर्जदार: स्त्री, विवाहित, वय सत्तेचाळीस. व्यवसाय: चष्म्यांचं दुकान, रुंदी सात फूट. थकबाकीचा इतिहास: आहे. क्रेडिट स्कोअर: पाचशे एकेचाळीस. वर्ग: उच्च जोखीम. शेरा: परतफेडीची क्षमता अनिश्चित.

बँकेच्या कागदावर एवढंच होतं. अर्जदारानं स्वतःचा हप्ता आयुष्यात कधी चुकवला नव्हता, हे त्यात नव्हतं. चुकवले ते धाकट्या दिरानं. त्यानं माल वाहायला टेम्पो घेतला, जामीन म्हणून वहिनीची सही घेतली आणि वर्षाच्या आत टेम्पो, धंदा आणि दीर एकापाठोपाठ एक दिसेनासे झाले. कर्ज चष्मेवालीनं फेडलं, पण तिच्या कानावर येईपर्यंत सात हप्ते थकले होते. कर्जदार चुकला तर जामीनदारही चुकला, असं कराराच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं. ते तिनं वाचलं नव्हतं, कारण तिला ते दिसत नव्हतं. चाळिशी लागून पाच वर्षं झाली तरी ती चष्मा लावत नसे. चष्मेवालीनं चष्मा लावायचा म्हणजे केस उगवायचं तेल विकणाऱ्यानं टोपी काढायची, असं तिचं मत.

"धाकट्यानं सही मागितली आणि तू दिलीस," सासूबाई काउंटरमागे चष्म्याची घरं पुसता पुसता म्हणत. "मी असते तर चप्पल दिली असती."

"तुमच्याकडेच आधी आला होता ना, आई?"

"म्हणून तर सांगते. दिली होती."

हे सगळं पचलं असतं. पण भिंगांच्या ठोक कंपनीनं नवा नियम काढला. आजवर भिंगं शब्दावर यायची, पैसे महिन्यानं जायचे. आता ऑर्डर फक्त मोबाइलवरून, आणि पैसे आधी. गिऱ्हाईक पैसे देणार चष्मा नाकावर चढल्यावर. मधला महिना कुणी सांभाळायचा? क्रेडिट कार्ड असेल तर कार्डानं, नाहीतर दुकानाला कुलूप. समोरच्या, भिंतभर आरसे लावलेल्या चष्म्यांच्या मोठ्या दुकानानं तिला नोकरीचं विचारूनही ठेवलं होतं. गणवेशासकट.

दोन बँकांनी तिला नाही म्हटलं. प्रत्येक अर्जाची नोंद होते आणि स्कोअर आणखी खाली येतो, हे तिला दुसऱ्या नकारानंतर कळलं. म्हणजे आता एकच अर्ज परवडणार होता, आणि तो तिनं भरूनही ठेवला होता: 'स्कोअर कसाही असो, मंजुरी हमखास' अशा सोनेरी कार्डाचा. मोठी अक्षरं तिला छान दिसत.

त्या सकाळी निवृत्त मुख्याध्यापिकाबाई नवा चष्मा न्यायला आल्या. जवळचा नंबर तपासायचा तक्ता दुकानात होता, पण तो झिजून गुळगुळीत झालेला. त्यामुळे दाराखालून पडणारी जाहिरातीची पत्रकंच चष्मेवाली गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. त्याहून बारीक छपाई जगात कुणी करत नाही. गिऱ्हाईक वाचत असताना ती शब्द ऐकत नसे, हनुवटी बघत असे. हनुवटी वर गेली की नंबर चुकला.

बाईंची हनुवटी जागची हलली नाही. त्या सोनेरी कार्डाचं पत्रक पहिलीच्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचत होत्या, "प्रवेश शुल्क, कार्यवाही शुल्क व पहिल्या वर्षाचे शुल्क कार्डमर्यादेतूनच वळते केले जाईल. म्हणजे वीस हजारांतले साडेसहा हजार आधीच गेले! पुढे, व्याज खरेदीच्या दिवसापासून. अगं, हे कार्ड कुणासाठी आहे? शत्रूसाठी?"

चष्मेवालीनं भरलेला अर्ज हळूच पालथा घातला. पण सासूबाईंनी पाहिलंच.

"तिच्यासाठीच आहे," त्या म्हणाल्या. "वाचा अजून. मोठ्यानं."

बाकावर बसलेला बसड्रायव्हर पुढे सरकला. त्याचं एक भिंग फुटलं होतं. नंबर जगावेगळा, त्यामुळे भिंग मागवावंच लागणार. आणि चष्मा येईपर्यंत डेपोनं त्याला गाड्या धुवायला लावलं होतं. "बाई, हे पण बघा," म्हणून त्यानं दुसरं पत्रक पुढे केलं.

"हे आधी पैसे भरून वापरायचं कार्ड. इथे काय म्हणतात... व्यवहारांची माहिती पतनोंदणी संस्थांना कळवली जात नाही. म्हणजे तू शहाण्यासारखी वागलीस तरी कुणाला पत्ता नाही. स्कोअर तसाच."

"चांगुलपणाची नोंदच नाही," ड्रायव्हर म्हणाला. "आमच्या डेपोसारखं."

तिसरं पत्रक रंग उडालेलं होतं. मुदत ठेवीवरचं कार्ड. ठेवीच्या नव्वद टक्के मर्यादा, वार्षिक शुल्क नाही, दरमहा नोंद कळवली जाईल. बाईंनी ते दोनदा वाचलं. अटींमध्ये आणखी काही लपलंय का म्हणून मागची बाजूही वाचली.

"हे घे. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे शक्यतो जायचं नाही आणि बिल पूर्ण भरायचं, किमान रक्कम नव्हे. लिहून घे."

चष्मेवालीनं लिहून घेतलं. मग तिच्या डोक्यात एक गोष्ट शिरली. बावीस वर्षं हे लोक तिच्या समोर बसून, तिच्याच दुकानात, मोठ्यानं आणि फुकट तिला सावध करत आले होते. आणि ती हनुवट्या बघत होती. इतक्या जणांचे आभार मागाहून मानायचे म्हणजे नेमकं काय करायचं, हे तिला सुचेना. तिनं बाईंच्या चष्म्याचे स्क्रू आणखी एकदा पिळले. ते घट्टच होते.

"पण ठेव कुठून आणू?" ती शेवटी म्हणाली. "होतं ते टेम्पोत गेलं."

सासूबाईंनी पोलक्यातून बँकेचं पुस्तक काढलं. "ही माझ्या अखेरच्या खर्चाची. मोडते आणि तुझ्या नावावर ठेवते."

"आई, नको. ती तुमची—"

"मला काही घाई नाही. आणि हे बघ, बँकेत सही करशील ती चष्मा लावून. माझ्या पोरानं तुला फसवलं, मी नाही फसवणार. पण वाचल्याशिवाय माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस."

चष्मेवालीनं खणातून दीड नंबरचा चष्मा काढला आणि सर्वांदेखत लावला. सासूबाईंच्या चेहऱ्यावर एवढ्या सुरकुत्या आहेत, हे तिला तेव्हा कळलं. तिनं वाकून नमस्कार केला. "हं, हं," सासूबाई म्हणाल्या, "गिऱ्हाईक खोळंबलंय."

कार्ड नवव्या दिवशी आलं. सोबतच्या पत्रात ग्राहकाला 'उच्च जोखीम, ठेव-संरक्षित, निरीक्षणाधीन' म्हटलं होतं. तिनं ते अथपासून इतिपर्यंत वाचलं, मागची बाजूसुद्धा, आणि पहिली ऑर्डर टाकली.

भिंग गुरुवारी आलं. शुक्रवारी बसड्रायव्हरनं पाच चाळीसची गाडी वेळेवर काढली.