रेस माझ्या बाइकची अडकली, बोलणं मात्र भावाशी

जाम डोकं फिरलंय आज.

सकाळी पवईच्या उतारावर बाइकची रेस सोडली, तरी गाडी पळतच राहिली. बटण दाबून इंजिन बंद केलं, म्हणून वाचले. कालच ज्या गॅरेजमध्ये हँडलची नवी ग्रिप बसवली, तिथे ढकलत नेली. ढकलायला धाकट्या भावाला बोलावलं.

मी प्रॉब्लेम सांगतेय, आणि मेकॅनिक त्याला म्हणतो, "दादा, ताईंना रेस कंट्रोल होत नाही. स्कूटी घेऊन द्या ना."

अरे, त्या दादाला सायकलसुद्धा येत नाही!

मी वाकून बघितलं. नवी ग्रिप जास्त आत घुसून शेजारच्या बटणांच्या डबीला घासत होती, म्हणून रेस अडकत होती. मीच ती जरा बाहेर ओढली. रेस झटकन मागे आली.

"झालं बघा, दादा," म्हणत त्याने चावी भावाला दिली.

आणि आमच्या शहाण्याने ती घेतली!

सांगा, आधी कोणाला झाडू?