लेसरच्या आदल्या दिवशी फिरवलेला दोरा

आज जुळे सोलापुरातल्या स्किन क्लिनिकमध्ये हनुवटीवरच्या केसांच्या लेसरसाठी आडवी झाले. डोळ्यांवर काळा चष्मा, हनुवटीवर थंडगार जेल.

तेवढ्यात डॉक्टर मॅडमनी विचारलं, "दोरा कधी फिरवला होतास?"

"कालच. तसे केस घेऊन तुमच्यासमोर यायला लाज वाटली."

त्यांनी मशीनच बंद केलं. "अगं, लेसर केसाच्या मुळातला काळा रंग पकडतो आणि तेवढंच मूळ भाजतो. तू मूळच उपटून आलीस, आता तो पकडणार काय? महिनाभर दोरा आणि वॅक्स बंद. केस दिसले तर रेझर फिरव. गाडीवर तोंड बांधून जा, उन्हानं काळवंडलेली कातडी लेसरनं पोळते. आणि पाळी वेळेवर येते का? असे केस हार्मोन बिघडल्यानंही येतात, तेही तपासू."

सोबत आलेली आई खुर्चीतून ताडकन उठली. "पोरीच्या तोंडाला वस्तरा? राठ दाढी येईल की! पुढच्या महिन्यात पाव्हणे बघायला येणार हायत."

"रेझरनं केस राठ होत नाहीत, काकू."

घरी येताच आईनं अप्पांचा रेझर कपाटात टाकला आणि चावी कमरेला खोचली. इतकी वर्षं दोऱ्यानं हनुवटी सोलून घेतेय, त्याला मात्र कुणाची हरकत नव्हती!

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी हनुवटीला रेझर लावलाय? खरं काय ते लिहा. आई शेजारीच बसलीय, आणि कॉमेंट मी मोठ्यानं वाचणार आहे.