भाऊ नेरूरकरांचा नकार

भाऊ नेरूरकर कुठलंही औषध गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी कपाळाला लावायचे. तापाची गोळी असो, इन्सुलिन असो, नाहीतर खोकल्याची बाटली. डोळे क्षणभर मिटायचे, ओठ हलायचे आणि मग ते काउंटरवरून पुढे यायचं. करी रोडच्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. घाईतला माणूससुद्धा हात पुढे करून थांबायचा. भाऊंच्या हातून औषध घेतलं की गुण येतो, असं म्हाताऱ्या बायका म्हणायच्या आणि डॉक्टरचं नाव विसरून जायच्या.

मी डी. फार्म. होऊन त्यांच्या दुकानात लागले तेव्हा गिरण्यांच्या संपाला वीसेक वर्षं होऊन गेली होती. गल्लीच्या टोकाला गिरणीची भिंत पाडून टॉवरसाठी पाया खणत होते. दिवसभर त्याची धूळ बरण्यांवर बसायची. पहिल्या दिवशी भाऊंनी मला एवढंच विचारलं, "घराकडे कोण कोण आसा?" वडील संपात नोकरी गेलेले गिरणी कामगार, असं सांगितल्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही. "उद्यापासून ये गो बाय," म्हणाले.

भाऊ उंच, काटकुळे. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, गळ्यात तुळशीची माळ. लग्न केलं नव्हतं. दुकानामागच्या चाळीत थोरल्या भावाकडे राहायचे. हे थोरले भाऊ, दादा, संपानंतर पुन्हा कुठे कामाला लागलेच नाहीत. बायको संपातच वारली होती, दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या. दुपारी दुकानाबाहेर फुटपाथवर खुर्ची टाकून बसायचे आणि समोरचं खोदकाम बघायचे. भाऊ दर तासाला बाहेर जाऊन त्यांची खुर्ची सावलीत सरकवून यायचे. दोघांत बोलणं फारसं होत नसे.

भाऊंचं मन मोठं होतं, हे मी आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला तसं वाटणार नाही. "उपाशी पोटी गोळी नाय," हे त्यांचं रोजचं वाक्य. एखादा हमाल डोकेदुखीची गोळी मागायला आला आणि त्याचा चेहरा उतरलेला दिसला, तर भाऊ आधी शेजारून चहा-बिस्किटं मागवायचे आणि तो खाईपर्यंत गोळी मुठीत धरून उभे राहायचे. दृष्टी अधू झालेल्या बायकांच्या डोळ्यांत रोज स्वतः थेंब घालायचे. नशेसाठी खोकल्याचं औषध मागायला येणाऱ्या पोरांनाही ते ओरडत नसत, नुसतं त्यांच्या बापाचं नाव घेऊन "बरो आसा मां?" असं विचारायचे. पोरं निघून जायची.

त्याच सुमाराला ती गोळी निघाली. संबंध आल्यानंतर तीन दिवसांच्या आत घ्यायची, म्हणजे दिवस राहत नाहीत. डॉक्टरची चिठ्ठी लागत नव्हती, टीव्हीवर जाहिरात यायची. कंपनीचा माणूस आमच्याकडे आला. भाऊंनी त्याला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि त्याची पाकिटं त्याच्याच बॅगेत ठेवली. "ही आपल्याकडे नको."

तो गेल्यावर मी विचारलं, "भाऊ, निरोध आपण ठेवतो. रोजच्या गोळ्या ठेवतो. मग ही का नको?"

"आधीचा ता तुमचा," भाऊ म्हणाले. "नंतरचा ता देवाचा. देवान धाडलेल्याक दार लावूचा नाय."

मी त्यांना समजावलं की ही गोळी गर्भ पाडत नाही. गर्भ राहायच्या आधीच काम करते, आणि एकदा राहिला की तिचा काही उपयोग नसतो. भाऊंनी मान हलवली. त्यांना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. त्यांची स्वतःची पदवी माझ्याहून मोठी होती. "तू सांगतंस ता खरा असात," ते म्हणाले. "पण माझ्या दुकानातून नाय."

दुकान त्यांचं होतं. कुणी ती गोळी मागितली की भाऊ "नाही" म्हणायचे. नाही म्हणताना ते माणसाकडे बघत नसत. पुरुष असला तर खांदे उडवून पुलापलीकडच्या दुकानात जायचा. बाई असली तर बहुतेक वेळा मागायच्या आधीच परत फिरायची, कारण माळ घातलेल्या, बापाच्या वयाच्या माणसासमोर तो शब्दच तोंडातून निघत नसे. मी दुकानात असले की बाहेर येऊन हळूच सांगायचे, पलीकडे मिळेल. भाऊंना ते दिसायचं. ते मला अडवत नसत.

विद्या समोरच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, हसरी, दोन मुलं. धाकट्याच्या वेळी ऑपरेशन करावं लागलं होतं आणि रक्तस्राव थांबता थांबत नव्हता. डॉक्टरांनी तिच्यासमोर नवऱ्याला बजावलं होतं, आता तिसरं नको, जिवावर बेतेल. नवरा एका मॉलमध्ये सिक्युरिटीला होता. मॉल ज्या गिरणीच्या जागेवर उभा राहिला, त्याच गिरणीत त्याचे वडील होते. घरी सासू. सासू तिला दूध आणि औषध एवढ्यासाठीच एकटीला खाली सोडायची.

मी मावसबहिणीच्या लग्नाला सावंतवाडीला गेले होते. परत आल्यावर काही आठवड्यांनी विद्या दुकानात आली. मुलांसाठी सर्दीचं औषध मागितलं आणि मग आत डोकावून पाहिलं.

"ताई, भाऊ नाहीत ना आत?"

"जेवायला गेलेत. काय झालं?"

"ते टेस्टचं पाकीट द्या." ती काउंटरच्या काचेवर बोट घासत राहिली. "तुम्ही गावी होता ना, तेव्हा मी आले होते. आमचं ते फाटलं होतं. टीव्हीवरची गोळी मागितली भाऊंकडे."

"मग?"

"म्हणाले, पोरी, देवाने द्यायचं ठरवलं असेल तर आपण आडवं जाऊ नये. दोन लेकरं आहेत, तिसरंही आनंदाने वाढेल. मला एवढी लाज वाटली ना ताई. वाटलं, आता हे सासूला सांगतील. मी सरळ वर गेले."

"पुलापलीकडे जायचंस."

"घरी काय सांगून जाऊ? आणि तिथे कायम आमच्या चाळीतले पुरुष उभे असतात."

दिवस राहिले होते. मी तिला सांगितलं की परळच्या महापालिकेच्या हॉस्पिटलात जा, आधीच्या ऑपरेशनचे कागद घेऊन जा, हे कायद्याने करतात, कुणाला कळवत नाहीत, वाटल्यास मी बरोबर येते. ती हो म्हणाली. सोमवारी जायचं ठरलं. पण नवऱ्याला हॉस्पिटल नको होतं. तिथे केसपेपर होतो, आईला कळेल, गल्लीत होईल. त्याने ओळखीच्या कुणाकडून तरी पाडायच्या गोळ्या आणल्या. तो वाईट माणूस नव्हता. आपण बायकोची अब्रू वाचवतोय असंच त्याला वाटलं. आदल्या ऑपरेशनच्या जागी आतून फाटलं. तिला परळला नेलं तेव्हा अंगात रक्तच उरलं नव्हतं. सोमवार उजाडण्याआधी ती गेली.

भाऊंनी तिच्या तिरडीला खांदा दिला. मुलांसाठी दूध आणि बिस्किटं वर पाठवली. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे दुकान उघडलं, देवाच्या तसबिरीला हार घातला.

मी म्हटलं, "भाऊ, विद्या इथे आली होती, मी नसताना."

"इल्ली," त्यांनी कबूल केलं.

"तुम्हाला द्यायची नव्हती, तर नका देऊ. पण पुलापलीकडे मिळते, एवढं तरी सांगायचं. तिला डॉक्टरने काय सांगितलं होतं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. तुम्हालाही."

"सांगितला म्हणजे दिल्यासारखाच झाला."

"मग न सांगून काय झालं?"

भाऊंनी स्टूल ओढलं आणि बसले. एक गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन उभं होतं, त्याला मी औषध दिलं. भाऊ उठले नाहीत. दुपारी त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. बाहेर दादा खुर्चीत झोपले होते. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की भाऊ मालवणी सोडून पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायचे. तसं ते बोलायला लागले.

"संपाचं पहिलं वर्ष सरत आलं होतं. घरात भाताची पेज एकदा व्हायची. वहिनीला तिसऱ्यांदा दिवस गेले. मी परळला एका औषधाच्या दुकानात नोकरीला होतो. तिने मला जिन्यात गाठलं. म्हणाली, तू औषधांतला माणूस, तुला माहीत असेल कुठे जायचं ते. मला माहीत होतं. सरकारी हॉस्पिटलात करून देतात, कायद्याने, हे मला पाठ होतं. मी म्हणालो, वहिनी, हे पाप आहे, मला विचारू नकोस. तिने पुन्हा विचारलं नाही. घोडपदेवला एका बाईकडे गेली. ती बाई गर्भ पाडायला काड्या घालायची. घरी आली ती तापाने फणफणलेली. मग उठलीच नाही."

"दादांना माहीत आहे?"

"ती घोडपदेवला गेली होती, हे माहीत आहे. आधी माझ्याकडे आली होती, हे कुणालाच माहीत नाही." त्यांनी गळ्यातली माळ हातात धरली. "ही त्यानंतर घातली. ते पाप होतं, म्हणून मी सांगितलं नाही. असंच धरून मी आजवर जगलो. ते जर पाप नसेल..."

 पुढचं बोलायची गरजच नव्हती. त्या गोळीचं एक पाकीट जरी दुकानात ठेवलं असतं, तरी जिन्यातल्या त्या उत्तराचा अर्थ बदलला असता. माझा राग गेला नाही. विद्याची मुलं समोरच्या गॅलरीत दिसत होती, तो जाणार कसा. पण आपल्यासमोर कोण बसलंय, ते मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

आठवड्याभराने भाऊ म्हणाले, "त्या कंपनीच्या माणसाक बोलव."

गोळी आली. भाऊंनी ती कधी हातात घेतली नाही. कुणी मागायला आलं की ते उठून बाहेर जायचे आणि दादांच्या खुर्चीशेजारी उभे राहायचे. मी देणार, कशी घ्यायची ते सांगणार, आणि बाई गेली की ते परत आत. हळूहळू बायकांना कळलं. चिंचपोकळीहून, घोडपदेवहूनही यायला लागल्या. भाऊंच्या भजनी मंडळातल्या दोघांनी दुकानात येऊन विचारलं, "भाऊ, तुमच्याकडे ते मिळतं म्हणतात. माळ घालून हे बरं दिसतं का?"

"मिळतं," भाऊ म्हणाले. "ती देते. पण दुकान माझं आहे. बोलायचं ते मला बोला."

मंडळात त्यांच्या हातातले टाळ कुणी काढून घेतले नाहीत. पण कुणी शेजारीही बसेना. पुढे त्यांनी जाणंच सोडलं. मी एकदा म्हटलं, "भाऊ, तुम्ही चांगलं केलंत." ते जरा चिडलेच. "माका पटला म्हणून नाय गो. माका भीती वाटता," म्हणाले.

दादा गेले. जिन्यातली गोष्ट भाऊंनी त्यांना शेवटपर्यंत सांगितली नाही. आज सांगतो, उद्या सांगतो असं करत राहिले, आणि मग दादांना माणसंच ओळखू येईनाशी झाली. स्मशानातून आल्यावर भाऊ मला म्हणाले, "सांगूचा ऱ्हवला." एवढंच.

त्यानंतर त्यांच्या किडन्या निकामी होत गेल्या. डायलिसिसला मी घेऊन जायचे. शेवटी हॉस्पिटलातच ठेवलं. दुपारची भेटायची वेळ होती. मी त्यांना भाताची पेज चमच्याने देत होते. त्यांनी माझा हात बाजूला केला. शुद्ध मराठीत बोलायला लागले, तेव्हाच मी चमचा खाली ठेवला.

"मंडळातल्या बुवांना मी एकदा विचारलं होतं, नाव न घेता. ते म्हणाले, ज्याचं त्याचं आयुष्य तेवढंच असतं. तू शिकलेली आहेस. तू सांग. मी वाट सांगितली असती, तर त्या दोघी वाचल्या असत्या?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपला होता. नर्स बाटली बदलून निघून गेली.

"विद्या वाचली असती, भाऊ," मी म्हटलं. "वहिनीही बहुतेक."

 मग भाऊंनी पेज मागितली आणि सगळी प्यायले. पुढचे दोन दिवस ते माझ्याशी फक्त दुकानाबद्दल बोलले: कुठली औषधं मुदतीला आलीत, फ्रिज नीट चालतो की नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले.

भाऊंना मी खोटा दिलासा दिला नाही. त्यांनी तो मागितलाही नव्हता.