लाइल होडेकने केलेला एकच वाईट नियम

लाइल होडेक गेली एकतीस वर्षं वजनमापे खात्यात आहे. आमच्या मॅनिटोवॉक गावातल्या प्रत्येक खाटकाचा काटा आणि प्रत्येक पेट्रोलपंप त्याने कधी ना कधी तपासलेला आहे. लोक त्याला घाबरतात असं नाही, पण तो दुकानात शिरला की काट्याला हात टेकवून कुणी गप्पा मारत नाही. शाळेत मी त्याच्याच वर्गात होते. रस्ते खात्यात बर्फ काढायच्या गाड्या कुठे पाठवायच्या ते रेडिओवरून सांगते. दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते नऊ आम्ही दोघं, लाइलची मोठी बहीण आर्लीन, दुधाचा टँकर चालवणारा ड्वेन आणि त्याची बायको कॉनी बोलिंग हॉलच्या मागच्या खोलीत जमतो आणि टेबलाभोवती बसून साहसाची एक मनातली गोष्ट खेळतो.

खेळ मी चालवते. म्हणजे गुहा, राक्षस, कुलपं आणि दगाबाज सरदार माझे, बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र. काही अवघड करायचं असलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, पडलेल्या आकड्यात आपल्या कौशल्याचा आकडा मिळवायचा. मी ठरवलेल्या आकड्याला पोचलं तर जमलं, नाहीतर नाही. यात न समजण्यासारखं काही नाही, तरी माझ्या नवऱ्याला ते वीस वर्षांत समजलेलं नाही.

खेळाच्या छापील पुस्तकात तलवारींना चाळीस पानं आणि स्वयंपाकाला अर्धी ओळ आहे. लाइलला हे सहन व्हायचं नाही. म्हणून एखाद्या कामात मुरलेल्या पात्राला जास्तीचं काय जमावं याचे नियम तो घरी बसून स्वतः करायचा: चढाईतला उस्ताद, माग काढण्यातला उस्ताद, भटारखान्यातला उस्ताद. एका हिरव्या फाइलीत असे बावीस उस्ताद आहेत. चढाईचा नियम करायचा होता तेव्हा तो आमच्या चर्चच्या मनोऱ्याला रंग देणाऱ्या माणसाला जाऊन भेटला. तो म्हणाला, "पडायची भीती मला तुझ्याइतकीच आहे. फक्त पाय कुठे ठेवायचा ते मला आधी दिसतं." घरी येऊन लाइलने लिहिलं की चढाईतल्या उस्तादाने फासा टाकण्याआधी मला एक प्रश्न विचारायचा आणि मी त्याला खरं उत्तर द्यायचं. बस, एवढंच.

"मोठा आकडा कुणीही देईल, व्हर्ना," तो मला म्हणायचा. "मोठा आकडा म्हणजे उस्तादी नव्हे."

मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाचशे वेळा फासा टाकून, कागदावर काड्या मारत तो नियम जोखायचा. त्यानंतर आमच्या टेबलावर नियम तीन गुरुवार चालवून बघायचा आणि हात वर करून मत घ्यायचं. लिहिणाऱ्याला मत नाही, आणि विरोधात एक हात वर गेला तरी नियम बाद. याहून जुना एकच रिवाज आहे: फासा ज्याने टाकला त्यानेच आकडा मोठ्याने वाचायचा. तो ड्वेनमुळे आला. फासा थांबायच्या आत दुसऱ्याचा आकडा ओरडून सांगायची त्याला भारी खोड होती.

आर्लीन या खेळात आली ती थंडीमुळे. एकोणीसशे एकोणऐंशी साल. लाइल चौदाचा, गाडी चालवायचा परवाना नाही, म्हणून बापाच्या पिकअपमधून ती त्याला आमच्या घरी सोडायला यायची आणि बाहेर गाडीतच फुगून बसायची. एका जानेवारीत थंडी हाडात शिरली तेव्हा ती आमच्या तळघरात उतरली आणि म्हणाली, "मलाही एक माणूस द्या, नाहीतर मी इथेच झोपते." मी तिला टिली दिली, कुलपं उघडणारी चोर. तेव्हापासून माझ्या गुहांमधलं एक कुलूप धड राहिलेलं नाही.

मागच्या ऑक्टोबरात आर्लीनला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. बोलणं परत आलं, टोमणे तर आधीपेक्षा धारदार आले, पण आकडे विस्कटले. डोळ्यांना अकरा दिसायचे आणि तोंडातून सात यायचे. चुकलं हे तिलाही कळायचं, मग ती परत सुरू करायची.

जानेवारीत लाइल तिला घेऊन टेबलावर आला. तिने डाव्या हाताने कॉफीच्या कपातून फासा टाकला.

"सहा," ती म्हणाली. "नाही. थांबा. सोळा... नाही."

फासा नऊवर होता. भिंतीपलीकडे कुणाच्या तरी चेंडूने बोलिंगच्या लाकडी बाटल्या धडाधडा पाडल्या. ड्वेन आपल्या ताटलीतल्या सॉसेजकडे बघत बसला. कॉनीने निष्कारण पेन्सिलीला टोक केलं. मी छताकडे बघत होते, खोटं कशाला सांगू. लाइलचे कान लालभडक झाले होते.

पुढच्या गुरुवारी त्याने तेविसावा उस्ताद आणला. कुलपांतली उस्ताद. टिलीने हात लावला की कुलूप उघडतं, कुठलंही. फासा टाकायचा नाही, आकडा वाचायचा नाही.

मी कागद दोनदा वाचला. "हा किती वेळा टाकून बघितलास?"

"त्यात फासाच नाही, व्हर्ना."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी मान डोलावली, कारण मलाही ती सोळा आणि सहाची ओढाताण परत ऐकायची नव्हती.

पहिल्या गुरुवारी टिलीने तुरुंगाचं दार उघडलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या गुरुवारी तिने तीन दारं उघडली. तिसऱ्या गुरुवारी मी जलराजाची पेटी आणली. तिचं कुलूप रचायला मला चार संध्याकाळी लागल्या होत्या. आर्लीन काही म्हणायच्या आत लाइलच म्हणाला, "टिली उघडते." आणि पेटी उघडली. आर्लीनचे फासे लोकरीच्या पिशवीतून बाहेरही आले नव्हते. ती बोटाने कोलाचीचे, म्हणजे मुरंब्याच्या गोड पावाचे, ताटलीतले कण गोळा करत होती.

मग मत घ्यायची वेळ आली. "बाजूने?" मी विचारलं. कॉनीचा हात वर, ड्वेनचा वर, माझाही वर.

"विरोधात?" हे आपलं रीत म्हणून विचारायचं.

आर्लीनने कपाशेजारचा डावा हात उचलला आणि पार डोक्याच्या वर नेला.

"आर्ली, अगं, तुझ्यासाठीच तर केलाय," लाइल म्हणाला.

"कुणासाठी केलास ते कळतंय मला. झटका आलाय, अक्कल नाही गेली." तिने हात खाली घेतला नाही. "जन्मभर दुसऱ्यांच्या काट्यांवरची बोटं उचलत आलास. आणि माझ्या काट्यावर स्वतःच बोट दाबून बसलास?"

"तुला असं अडखळताना मला..."

"बघवत नाही. मग डोळे मीट ना! कुलूप उघडणारच असेल तर मी इथे येऊ कशाला? कोलाची खायला? ती मी घरीही खाते." ती माझ्याकडे वळली. "आणि तू गं? चार संध्याकाळी घालवून कुलूप केलंस, आणि वर हात केलास?"

मला माझी लाज वाटली.

"पुढच्या गुरुवारी मला घ्यायला येऊ नकोस," ती लाइलला म्हणाली आणि कोट चढवू लागली. बाही सापडेना. कुणाची उठायची हिंमत झाली नाही.

दोन गुरुवार तिची खुर्ची रिकामी राहिली. आम्ही खेळलो, पण त्यात काही राम नव्हता. चाळीसहून जास्त वर्षांचा खेळ असा मुकाट्याने संपणार असं मी मनाशी धरून चालले होते.

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी लाइल माझ्या कचेरीत आला. बूट ओले, टोपी हातात. माझ्या रेडिओवर दोन गाड्या ओरडत होत्या, त्यांना मी थांबायला सांगितलं.

आर्लीनला दर मंगळवारी हाताच्या व्यायामाला न्यायचं काम तेवढं त्याच्याकडे उरलं होतं. एरवी तो गाडीत थांबायचा. त्या दिवशी थंडी वाजली म्हणून आत गेला. एका लाकडी फळीवर बटणं, कड्या आणि एक छोटं कुलूप बसवलेलं. आर्लीन उजव्या हाताने एक बटण लावत होती. सटकलं की आजोबांच्या बोहेमियन, म्हणजे चेक, भाषेत शिवी आणि पुन्हा सुरुवात.

"अडतीस वेळा सटकलं," लाइल म्हणाला. मोजल्याशिवाय त्याला राहवतच नाही. "एकोणचाळिसाव्याला लागलं. ती शिकवणारी मुलगी हात पाठीमागे बांधून उभी, व्हर्ना. एकदाही मदतीला पुढे आली नाही. फक्त कुठे सटकलं ते वहीत लिहीत होती. आणि आर्ली हसत होती." तो माझ्या टेबलाच्या कडेला टेकला. "मला तिची कीव आली होती. तीच मी नियम म्हणून लिहून आणली."

मी त्याला कॉफी दिली. दुसरं काय देणार?

त्या रात्री तो तेविसावा उस्ताद पुन्हा लिहायला बसला. आमच्याकडे एकदा कुलूप चुकलं की त्या दिवशी ते तुमच्यासाठी बंद. नव्या नियमात टिली फासा टाकते, सगळ्यांसारखाच. पण चुकली तर तिने कुठे सटकलं ते सांगायचं आणि लिहून ठेवायचं. मग त्याच कुलपाला ती पुन्हा हात घालू शकते, आणि दर चुकीमागे तिला एक जास्त मिळतो. लाइलने हा पाचशे वेळा जोखला, डाव्या हाताने. कागदाच्या तळाशी एक ओळ होती: आकडा वाचायला लागेल तितका वेळ लागेल, तोवर बाकीच्यांनी फाशाकडे बघायचं, ताटलीकडे नाही.

कागद त्याने आर्लीनच्या दारातल्या टपालपेटीत टाकला आणि घंटा न वाजवता परत फिरला.

गुरुवारी सहा वाजले, सव्वासहा झाले. लाइलने तीनदा घड्याळ पाहिलं. मी खेळ सुरू करणार तेवढ्यात दार उघडलं. आर्लीन म्हाताऱ्यांच्या बसने आली होती, टोपीवर बर्फ, तोंडावर आठ्या.

"त्या बसमध्ये सगळे म्हातारेच भरलेत," ती म्हणाली. पिशवीतून फासा काढून तिने कपात टाकला. "व्हर्ना, पेटी आण."

मी जलराजाच्या पेटीला नवं कुलूप घातलं. टिलीचं कौशल्य धरूनही फाशावर सोळा तरी पडायला हवे होते. कप उलटा झाला, फासा गरगरला आणि थांबला.

"चौदा," आर्लीन म्हणाली. "नाही." आम्ही सगळे फाशाकडे बघत होतो. ड्वेनच्या कपाळावर घाम आला होता, पण पठ्ठ्याने तोंड उघडलं नाही. "चाळीस. छे. च... चार. चार आहेत."

"चार," मी म्हणाले. "नाही उघडलं."

"कुठे सटकलं?" लाइलने पेन उघडून विचारलं.

आर्लीनने जरा विचार केला. "आतल्या तिसऱ्या दातावर. गंजलाय तो. लिही."

दुसऱ्यांदा तिने एकवीस वाचले. "आर्लीन, फासा विसाचा आहे," ड्वेनला राहवलं नाही, आणि सगळ्यांत मोठ्याने आर्लीनच हसली. बारा होते ते. तेही कमीच पडले.

नऊ वाजता हॉलवाल्याने दिवे घालवायला सुरुवात केली तोवर ती पाच वेळा चुकली होती आणि पेटी बंदच होती. लाइलच्या कागदावर पाच ओळी होत्या. तिने तो कागद त्याच्या हातून घेतला आणि फाशांबरोबर पिशवीत ठेवला.

"पुढच्या गुरुवारी साडेपाचला ये," ती त्याला म्हणाली. "बुटांच्या नाड्या बांधायला मला वेळ लागतो. तोवर हात मागे बांधून उभा राहा."

लाइल पाचलाच जाऊन उभा राहिला.